एकाही अंगणात न मावलेली

पंडिता रमाबाईंचा आतला प्रवास

झेलम नदीच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, एक तरुण आणि त्याची धाकटी बहीण वाळूत दोन खड्डे खणत. माणूस आडवा मावेल एवढेच. त्यात निजून गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून घेत आणि रात्र काढत. डोके तेवढे उघडे. पांघरूण घ्यायला पैसे नव्हते. दिवसा पोटात जायचे ते पाण्यात भिजवलेले मूठभर धान्य, मिळालेच तर चिमूटभर मीठ. आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली होती. उरलेली ही दोघे तीर्थामागून तीर्थ करत, दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत पायी चालत आली होती. दोघेही दशग्रंथी घरातली. मुलीला तर भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. वाळूतल्या रात्रींची हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली.

महाराष्ट्राने रमाबाईंना दोन कप्प्यांत ठेवले आहे. एका कप्प्यात समाजसुधारक रमाबाई: आर्य महिला समाज, शारदा सदन, विधवांचे शिक्षण. दुसऱ्या कप्प्यात धर्मांतर केलेल्या रमाबाई: त्यांच्याविषयी एक तर मौन पाळायचे, नाही तर त्रागा करायचा. दोन्ही कप्प्यांत एक गोष्ट बसत नाही. त्या आयुष्यभर देव शोधत होत्या. शाळा, आश्रम, दुष्काळातले काम, पुस्तके हे सगळे त्या शोधाच्या वाटेवर झाले. आणि तो शोध १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन संपला, ही समजूत तर त्यांच्या चाहत्यांचीही आहे आणि टीकाकारांचीही. वस्तुस्थिती अशी की त्यानंतरच त्यांचे खरे भांडण सुरू झाले, आणि ते चर्चशी होते.

वडिलांची चूक

या शोधाची सुरुवात रमाबाईंच्या जन्माआधी, त्यांच्या वडिलांपासून झाली. अनंतशास्त्री डोंगरे पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या या शिष्याच्या कानांवर बाईच्या तोंडचे संस्कृत श्लोक पडले. त्यांनी मनाशी ठरवले की आपणही बायकोला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती गेल्यावर, यात्रेत गोदाकाठी भेटलेल्या एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्या वेळी अनंतशास्त्री चव्वेचाळीस वर्षांचे होते. या दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले, आणि गावाने बोट दाखवले. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. बाईला वेद वर्ज्य असले तरी पुराणे आणि काव्य शिकवायला कोणती आडकाठी, हे त्यांनी शास्त्राधारे मांडले आणि सभा जिंकली.

सभा जिंकली तरी गाव जिंकता आले नाही. ते पत्नीला घेऊन सह्याद्रीच्या रानात गंगामूळला जाऊन राहिले. तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात ते ठिकाण. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पाहुण्यांची आणि विद्यार्थ्यांची उठबस करता करता घरावर कर्ज चढले, जमीन गेली, आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून त्यांना रानातून खाली आणले. त्यांच्या भटकंतीची सुरुवात ही अशी झाली.

कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर चाले. देवळाच्या ओवरीत, घाटाच्या पायरीवर किंवा एखाद्या झाडाखाली बसायचे, पोथी उघडायची आणि मोठ्याने वाचायला लागायचे. येणारे-जाणारे थांबत, पोथीला नमस्कार करत आणि तिच्यापुढे फुले, फळे, तांदूळ, एखादा पैसा ठेवून पुढे जात. मिळेल त्यातले जरुरीपुरते ठेवायचे, बाकीचे दानधर्मात घालायचे, हा शास्त्रीबुवांचा नेम. मुलांना इंग्रजी शिकवायचे नाही, नोकरीला लावायचे नाही, हाही नेम. रमाबाईंना आईने शिकवले. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, एकेक श्लोक ओठांवर चढवत.

मग दुष्काळ आला. दक्षिणेत हे कुटुंब उपासमारीला लागले. देवदर्शनात, दानात, ब्राह्मणभोजनात होते नव्हते ते सगळे खर्ची पडले होते आणि भीक मागायला मन धजत नव्हते. रानातली पाने खाऊन दिवस काढले. अखेर वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखवला, तेव्हा रमाबाईंचा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मोलमजुरी करीन. १८७४ मध्ये शास्त्रीबुवा गेले. जाण्याआधी त्यांनी धाकट्या रमेला जवळ घेऊन सांगितले, की तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, त्याचीच सेवा कर. हे शब्द रमाबाईंनी जन्मभर जपले. वेगळ्या धर्मात गेल्यावरही त्या म्हणत की वडिलांची ती प्रार्थना देवाने ऐकली.

थोड्याच दिवसांनी आई गेली. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यायला दोनच ब्राह्मण आले. तिसरा श्रीनिवास, आणि चौथी म्हणून रमाबाईच उभ्या राहिल्या. पण उंची कमी असल्यामुळे तिरडी खांद्यावर बसेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आईच्या प्रेताचा भार डोक्यावर घेऊन तीन मैल चालली. बाईने काय करायचे नाही याच्या सगळ्या याद्या त्या वाटेवर गळून पडल्या असणार.

तरंगते डोंगर

त्यानंतर भाऊ आणि बहीण चालत राहिली. हजारो मैल. उपास, व्रते, स्नाने, प्रदक्षिणा. शास्त्रात जे सांगितले ते सगळे केले तर देव भेटेल, अशी खात्री होती.

उत्तरेकडच्या एका पवित्र सरोवरात तरंगते डोंगर आहेत आणि पापरहित माणूस हाक मारील तर ते त्याच्याकडे तरंगत येतात, असे दोघांनी ऐकले होते. तिथे पोचल्यावर पुजाऱ्यांनी बजावले, की पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवास पहाटेच, कोणी जागे नसताना, पोहत आत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती आणि त्यात लावलेली झाडे. दिवसा यात्रेकरूंनी पैसे ठेवले की मागून कोणीतरी तराफे ढकलत असे.

सामान्य माणसाची श्रद्धा इथेच मोडली असती आणि तो नास्तिक झाला असता. रमाबाई तशा झाल्या नाहीत. डोंगर खोटे निघाले, म्हणून डोंगरापलीकडचा देव खोटा, असा हिशेब त्यांनी केला नाही. पण मधल्या माणसावरचा त्यांचा विश्वास मात्र कायमचा उडाला. पुढे पुजारी असो, शास्त्री असो की बिशप, देव आणि माणूस यांच्या मध्ये उभा राहिलेला प्रत्येक जण रमाबाईंच्या प्रश्नाला तोंड देण्यास बांधील झाला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या आध्यात्मिक जीवनाची किल्ली इथे आहे.

कलकत्त्याचा मान आणि एक शोध

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची, अविवाहित, संस्कृतात अस्खलित बोलणारी मुलगी पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या विद्येपायी वडिलांना गाव सोडावे लागले, तिचाच आता जाहीर सत्कार होत होता.

पण नेमक्या याच मानाने रमाबाईंच्या जुन्या श्रद्धेचा शेवट केला. पंडितांनी विनंती केली, की बायकांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्या. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ एकामागून एक वाचले. ग्रंथांत जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर मतभेद सापडले. बायकांच्या बाबतीत मात्र सगळे एकमताचे. बाई म्हणून बाईला मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा हाच तिचा धर्म, आणि पुढे कधी तरी पुरुषजन्म मिळाला तर मग मोक्षाचा विचार. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचलेत का, म्हणून विचारले. बाईने वेद वाचायचे नसतात, असे रमाबाईंच्या मनावर ठसलेले. सेनांनी एका वेदाची प्रत त्यांच्या हातात ठेवली.

वडिलांनी देवाच्या हाती सोपवलेली ही मुलगी. तिला आता कळले, की ज्या देवासाठी ती वाळूत निजली, त्याच्या दाराशी तिला ग्रंथांनी प्रवेशच ठेवलेला नव्हता.

आघात पाठोपाठ आले. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोन्हीकडच्या समाजांनी पाठ फिरवली. आसामात सिल्चरला संसार झाला, मनोरमा जन्मली. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती वाचू लागल्या. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारी गेले. पदरात दहा महिन्यांची मुलगी घेऊन, चोवीस वर्षांच्या आत, रमाबाई विधवा झाल्या आणि पुण्याला आल्या.

पुण्याने त्यांना आधी डोक्यावर घेतले. रानडे, भांडारकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज सुरू झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष झाली. इथे मनात एक प्रश्न येतो. दोनशे वर्षांपूर्वी शिऊरच्या बहिणाबाईंनी हाच सल भोगला होता. बाईचा देह मिळाला म्हणून वेद बंद, नवऱ्याचा मार, आणि तरी तुकोबांचा ध्यास. त्यांना उत्तर वारकरी भक्तीत मिळाले. रमाबाईंना ते तिथे का मिळाले नाही? एक कारण उघड आहे. त्यांचे बालपण संस्कृत पोथ्यांत आणि परप्रांतांतल्या देवळांत गेले. घरात मराठी होती, पण दिंडी, ओवी, कीर्तन यांचा शेजार नव्हता. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांना स्वतःच्या सुटकेपुरता देव नको होता. टाकून दिलेल्या बाईला जवळ घेणारा, आणि आपल्या भक्तांनाही तसे करायला लावणारा देव त्या शोधत होत्या.

फुलमचे घर

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण कान अधू होत चालले होते, म्हणून तो बेत सोडावा लागला. वाँटेज गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या जोगिणींचे लंडनच्या फुलम भागात एक घर होते. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाई तिथे काही दिवस राहिल्या आणि त्यांनी जे पाहिले त्यावर त्यांचा विश्वास बसेना. अशा बाईला आपल्याकडे सावलीलाही उभे करत नाहीत, आणि इथे तिला औषधपाणी करतात, शिकवतात, माणसात आणतात. हे का करता, असे त्यांनी विचारले. जोगिणीने शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: ख्रिस्त विहिरीवर एका परजातीच्या, बदनाम बाईशी बोलत बसतो आणि खरी उपासना कशाला म्हणतात हे तिला सांगतो.

शास्त्रांमध्ये जे मिळाले नाही ते रमाबाईंना या विहिरीवर मिळाले. त्या वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण त्या दिवसांवर एक गडद छायाही आहे. त्यांच्यासोबत भारतातून गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी बाप्तिस्म्याच्या थोडेच दिवस आधी आत्महत्या केली होती. रमाबाईंना त्या धक्क्यातून सावरायला फार काळ लागला. परक्या देशात, एकटीने, हा निर्णय झाला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. वर्तमानपत्रांनी झोडपले, जवळचे दुरावले. त्या गदारोळात ठामपणे त्यांची बाजू घेणारा आवाज जोतीराव फुल्यांचा होता. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी या धर्मांतराची चर्चा केली आणि ज्यांनी बाईला ज्ञानापासून तोडले त्यांनाच उलट जाब विचारला.

वाँटेजची पत्रे

आता रमाबाईंनी गप्प राहावे, अशी चर्चची अपेक्षा होती. त्या राहिल्या नाहीत. रमाबाई आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यातला पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. ज्याला साधक काय असतो हे पाहायचे आहे, त्याने ही पत्रे वाचावीत. सिस्टर जेराल्डिन प्रेमळ होत्या, रमाबाई त्यांना आई मानत. तरी प्रत्येक पत्रात ठिणगी आहे.

रमाबाई विचारत: त्रैक्याचा (ट्रिनिटीचा) सिद्धान्त बायबलात कुठे आहे, ते दाखवा. चर्चच्या अथनेशियन मतांगीकारात जे मानणार नाहीत त्यांना नरक सांगितला आहे, ते प्रेमळ देवाच्या तोंडी कसे शोभते? बिशपला अधिकार कोणी दिला? मी बायबल वाचीन आणि माझ्या सदसद्विवेकाला जे पटेल तेच मानीन. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, तेव्हा मुलग्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली. दोन बिशपांनी हरकत घेतली, की हिंदुस्थानी बाई पुरुषांना शिकवते हे तिच्या देशात बरे दिसणार नाही. भारतभर पंडितांच्या सभांपुढे बोललेल्या या बाईला ते किती झोंबले असेल! १८८५ च्या मे महिन्यातल्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले: आपल्याकडच्या पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही.

वाद लहानसहान गोष्टींतही होते. मठातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या लोकांनाही येत नाही, तिथे संस्कृत असू दे. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पुडिंग नाकारले तर जोगिणींना त्यात जातीचा गर्व दिसला. रमाबाईंनी उत्तर दिले, की ही माझी सवय आहे आणि ती ठेवण्याचे मला स्वातंत्र्य आहे. ख्रिस्त मानायचा तर इंग्रज व्हावे लागत नाही, ही गोष्ट त्या साम्राज्याच्या ऐन भरात, त्याच्याच राजधानीच्या देशात, त्याच्याच अन्नावर राहून सांगत होत्या.

हिंदू समाजाने त्यांना परके ठरवले होते. आता चर्चच्या लेखी त्या हट्टी आणि अर्धवट ख्रिस्ती ठरल्या. इंग्लंडात पंथोपपंथांचा जो बाजार त्यांनी पाहिला, त्याने त्या इतक्या गोंधळल्या की कोणत्याही एका पंथाचे नाव त्यांनी लावून घेतले नाही.

उघडे दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. व्याख्याने दिली, इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिले, बॉस्टनला मदतमंडळ उभे राहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. पुढच्या वर्षी शाळा पुण्याला गेली.

शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, असे ठरले होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. एखादी मुलगी येऊन बसली तर तिला उठवत नसत. यावरून वादळ झाले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’ने आग ओकली.

इथे रमाबाईंची बाजू घेताना विरुद्ध बाजूचा विसर पडू नये. पालकांनी विश्वासाने विधवा मुली पाठवल्या होत्या. ज्या मुलीला सगळे जग दार लावून बसले आहे, तिच्यासाठी आश्रय देणाऱ्या बाईचे उघडे दार हेच एक आमंत्रण असते. त्याचा प्रभाव पडणारच, हे रमाबाईंसारख्या बुद्धिमान बाईला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. रानडे-भांडारकरांचे दुखावणे खोटे नव्हते. पण रमाबाईंनाही दुसरे करणे शक्य नव्हते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवापुढे, दार लावून चोरासारखे बसायचे, तर मग इतके सोसून बाहेर तरी कशाला पडायचे?

याच काळात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या आत एक मोठी गोष्ट घडली. १९०७ च्या आपल्या साक्षीवजा आत्मकथनात त्या कबूल करतात, की इतकी वर्षे ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मते पटली होती, मन निवले नव्हते. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना दिसले, की तो स्वतः पाळक असूनही बरीच वर्षे असाच कोरडा होता. १८९१ च्या सुमारास त्यांनी वादविवाद बाजूला ठेवून स्वतःला पुरते सोपवून दिले. वडिलांनी सोपवले होते, आता त्यांनी स्वतःला सोपवले. जगाने ज्यांना १८८३ मध्ये ‘पोचलेल्या’ ठरवले, त्या स्वतःच्या हिशेबाने तेव्हा निम्म्या वाटेवरही नव्हत्या.

केडगाव

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागते. गावाला दोन ओळखी आहेत. एक नारायणमहाराजांचे बेट आणि तिथले दत्तमंदिर. दुसरी रमाबाईंचे मुक्ती मिशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच गावात, उसाच्या आणि ज्वारीच्या शेतांच्या सोबतीने, दोन वेगळ्या साधना शेजारी चालू होत्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुली पाहून त्यांना स्वतःचे कुटुंब आठवले. त्या लिहितात, की मीही असेच उपाशी दिवस काढले होते, मी त्यांना तिथे टाकून कशी येऊ? शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग आणि सरकारी निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या घातल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि संख्या हजारांवर गेली.

त्या माळावर विहिरी खणल्या, शेती उभी केली. मुली हातमाग चालवत, तेलघाणा चालवत, टंकजुळणी करत, छापखाना चालवत. अंध बायकांना मनोरमा ब्रेल लिपी शिकवत. ‘कृपासदन’ या स्वतंत्र घरात फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायका राहत. फुलमला पाहिलेले घर त्यांनी आपल्या मातीत, आपल्या बायकांच्या हातांनी बांधले. प्रार्थनेत मराठी भजने होती, टाळमृदंग होते. रमाबाई पांढऱ्या सुती लुगड्यात आणि शाकाहारी पंगतीतच राहिल्या.

१९०५ च्या पावसाळ्यात मुक्तीत प्रार्थनेची एक लाट आली. मुली रात्ररात्र रडत, गात, मोठ्याने पापे कबूल करत. परदेशांत त्याची कीर्ती झाली आणि शिस्तीच्या ख्रिस्ती मंडळींना ते अशोभनीय वाटले. रमाबाईंनी मुलींना थांबवले नाही. आपल्याकडच्या कीर्तनात माणूस रडतो, नाचतो, भान विसरतो. या मुलींनी तेवढ्यासाठी इंग्रज शिष्टाचार का पाळावा, असा त्यांचा विचार होता.

त्यांच्याही काही गोष्टी खुपतात. उत्तरायुष्यात हिंदू धर्माविषयी त्या सरसकट कठोर लिहीत. मुक्तीतल्या मुलींच्या वाट्याला ती मोकळी चिकित्सा किती आली, जी रमाबाईंनी स्वतःसाठी प्राणपणाने राखली, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारला पाहिजे. दुष्काळातून वाचलेल्या पोरीकडे शोध घ्यायला सवड नसते. ती ज्या छपराखाली येते त्या छपराचा देव घेते.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची पंधरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते, खेड्यातल्या बाईला कळत नव्हते. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान गेले होते, प्रकृती खालावली होती. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्याच हातांनी.

हे काम मला त्यांच्या साधनेचा कळस वाटते. देव आणि बाई यांच्या मध्ये आजवर जो कोणी उभा होता, त्याला बाजूला सारण्याचा हा शेवटचा उपाय होता. संस्कृतच्या पंडितेने, जिला सोपे लिहिणे कमीपणाचे वाटू शकले असते, जात्यावरच्या बाईला वाचता यावे म्हणून एकटीने सगळा ग्रंथ उलगडला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी आणि कामाची वारस. रमाबाई पुन्हा मुद्रितांवर बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला. आज तो फारसा वापरात नाही.

आपले देणे

रमाबाईंना कोणी घर दिले नाही हे खरे, आणि त्यांनी कोणाचे घर जसेच्या तसे स्वीकारले नाही हेही तितकेच खरे. बाहेर ढकलले जाणे आणि स्वतः बाहेर पडणे या दोन गोष्टी आपण सहसा वेगळ्या धरतो. रमाबाईंच्या आयुष्यात त्या एकाच वेळी घडत राहिल्या. वडिलांना गावाने काढले, मुलीने शास्त्रे सोडली. पुण्याने टाकले, त्यांनी बिशपांना ऐकवले. प्रत्येक वेळी बाहेर पडताना त्यांनी देव सोडला नाही, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मागून आणखी कोणी तरी टाकलेली बाई आत आली. साधकाची पारख करायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: त्याच्या शोधामुळे इतर कोणाला आसरा मिळाला का?

त्यांची निवड आपल्याला पटो न पटो, त्यांचे प्रश्न आपले आहेत. मराठी अध्यात्माचा इतिहास लिहिताना मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांची नावे येतात आणि तिथे यादी थांबते. त्या यादीत रमाबाईंचे नाव यायला हवे. धर्म बदलला म्हणून साधक साधक राहत नाही, असे आपल्या कोणत्याच संताने सांगितलेले नाही.

वाचकांना एवढीच विनंती आहे. रमाबाईंविषयी जे ऐकले ते तूर्त बाजूला ठेवा आणि त्यांना त्यांच्याच शब्दांत वाचा. ‘इंग्लंडचा प्रवास’ वाचा, अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचा, वाँटेजची पत्रे मिळवून वाचा. आणि तुमच्या घरातली एखादी मुलगी पूजा चालू असताना विचारील, की हे मी का करायचे आणि ते मी का करायचे नाही, तेव्हा तिला गप्प करू नका. तिच्या प्रश्नाला उत्तर द्या. देता येत नसेल, तर निदान तिला विचारत राहू द्या.